अरुणाताईंचं पित्त

चोवीस तास आधी चूल पूर्ण विझवून ठेवा, असं मी फोनवर तीनदा सांगितलं होतं. एकदा साध्या आवाजात, एकदा जोर देऊन, अन् तिसऱ्यांदा चक्क दटावून. त्या माणसानं तिन्ही वेळा "शुअर, शुअर" म्हटलं. आणि उणे बावीसमध्ये, कॅनडातल्या व्हिटबीच्या उत्तरेला पाऊण तास गाडी हाकत मी त्याच्या घरापुढे उतरले, तेव्हा चिमणीतून पिवळट धूर लोळत निघून राहिला होता. वर जातच नव्हता, छपरावरून खाली उतरत होता. माझं डोकं तिथंच फिरलं.

मी वुड स्टोव्ह, म्हणजे लाकडावर घर तापवणाऱ्या बंद लोखंडी चुली, दुरुस्त करते. नागपूरला मेकॅनिकल केलं, इथं आल्यावर पाच वर्षं त्या डिग्रीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग स्टोव्ह विकणाऱ्या, चिमण्या साफ करणाऱ्या एका दुकानात लागले, परीक्षा दिल्या, सर्टिफिकेट घेतलं. अकरा वर्षं झाली. आपले लोक भेटले की विचारतात, बाईमाणूस अन् हे काय काम? मी म्हणते, चूलच तर आहे बाप्पा, तुम्हीच तर म्हणता चूल बाईची.

त्या दिवशीचं काम कॉम्बस्टरचं होतं. कॉम्बस्टर म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं असलेली चिनीमातीची वीट, पॅलेडियम धातूचा हात फिरवलेली. चुलीच्या वरच्या भागात बसते. लाकूड जळलं की जो धूर निघतो तो ह्या भोकांतून जाताना परत एकदा जळतो. धुरातली घाण जाते, उष्णता दुप्पट मिळते, लाकूड कमी लागतं. पण ती वीट नाजूक. तिच्यावर घाण बसली की भोकं बुजतात, धूर कोंडतो, अन् कोंडलेला धूर मग जिथं वाट मिळेल तिथं जातो. कधी घरात.

कामाच्या कागदावर चारुदत्त आगाशे हे नाव वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की घर मराठी आहे. फोनवर मात्र मी "मृ फ्रॉम द शॉप" असते. इंग्रजीत कामापुरतं बोलायचं, विषय संपला.

दार चारुदत्तनं उघडलं. पन्नाशीचा, पुण्याचा, घरून सॉफ्टवेअरचं काम करणारा. मी म्हटलं, "चूल चालू आहे. मी सांगितलं होतं ना?" रागात मराठीच निघालं तोंडातून.

तो बघतच राहिला. मग आत वळून ओरडला, "आई, अगं मराठी आहेत ह्या!"

झालं. आतून त्याची आई आली. अरुणाताई. शहात्तर वर्षांच्या, बारीक, सुती साडीवर दोन स्वेटर, पायात लोकरी मोजे. "अगंबाई! मराठी मुलगी! ये ये, आत ये. किती गारठलीस. चहा टाकते, आलं घालून." इतक्या प्रेमानं म्हणाल्या की माझा राग अर्धा उतरला. एरवी मी कोणाच्याही घरी बुटांवर प्लॅस्टिक चढवून तशीच आत जाते, जॅकेट अंगावर ठेवते, कारण जॅकेटला माझा गॅसचा मीटर लावलेला असतो. पण मराठी घर म्हटल्यावर हात आपोआपच बुटांकडे गेले. बूट काढले, जॅकेट काढलं, दाराजवळच्या खुंटीला अडकवलं, मोज्यांवर आत गेले. ही माझी चूक. अकरा वर्षांत पहिल्यांदा केली, अन् मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून केली.

खोलीत एका भिंतीला चूल, दुसऱ्या भिंतीला देव्हारा, मधे खिडकीखाली दिवाण. दिवाणावर दोन रजया. मी विचारलं, "इथं कोण झोपतं?"

"मीच," अरुणाताई म्हणाल्या. "वर थंडी वाजते गं. इथं ऊब असते. आणि रात्री अग्नीकडे लक्षही राहतं."

"लक्ष म्हणजे?"

"विझू देत नाही ना मी. ऑक्टोबरात पेटवला की एप्रिलपर्यंत अखंड. रात्री हवा अगदी कमी करून ठेवते, मग मंद मंद जळत राहतो."

मी कपाळावर हात मारला. रात्रभर हवा कोंडून चूल धुमसत ठेवणं म्हणजे त्या विटेचा गळा दाबणंच आहे. मी दांडा पाहिला. ह्या चुलीला एक दांडा असतो, धूर सरळ वर सोडायचा की विटेतून काढायचा, हे त्यानं ठरतं. दांडा विटेकडे वळवलेला होता. शेजारच्या तापमानाच्या काट्यानं वीट चालू असल्यावर हजार फॅरनहाइटच्या वर जायला पाहिजे. काटा दोनशेवर मेल्यासारखा पडला होता. काच काळीकुट्ट. मी दार बोटभर उघडलं तर भसकन धूर खोलीत आला. दार लावून राखेचा कप्पा ओढला, अन् लोखंडी कांडीनं राख चाळली. आत जळलेली शितं, जरीच्या हाराच्या तारा, चांदीच्या वर्खाच्या गोळ्या, वितळून घट्ट झालेलं काहीतरी गुलाबी.

"ह्यात काय काय घालता काकू तुम्ही?"

त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं. हे घर घेतल्यापासून, चार वर्षं, दोन वेळा वैश्वदेव, म्हणजे जेवायच्या आधी अग्नीला भाताची तूप घातलेली आहुती. शिवाय निर्माल्य. "देवाचं कचऱ्यात कसं टाकायचं? इथल्या नद्या तर गोठलेल्या. मग अग्नीला देते. ते दुकानातले चकचकीत हार, कुंकवाचे, गुलालाचे कागद, उदबत्तीचे पुडे, सगळं."

"प्लॅस्टिकचे हार?"

"देवाला वाहिलेले असतात गं ते."

मी हसावं की रडावं हेच मला कळेना. चार वर्षं रोज त्या विटेला तूप-भात अन् प्लॅस्टिक खाऊ घालून राहिली ही बाई, अन् लेक सॉफ्टवेअर लिहून राहिला वरच्या मजल्यावर. मी समजावून सांगितलं. कोरडं लाकूड, दुसरं काही नाही. आता आग विझवायची, निखारे बाहेर काढायचे, चूल थंड होऊ द्यायची, मग वीट बाहेर काढून पाहायची. घासून निघाली तर ठीक, नाहीतर नवी.

चहा आला. स्टीलच्या पेल्यात, आल्याचा, फक्कड. मी दोन घोट घेतले, तेवढ्यात अरुणाताईंनी विचारलं, "आडनाव काय तुझं?"

"मेश्राम. मृणाल मेश्राम."

"मेश्राम. नागपूरकडचे?"

"हो. इंदोऱ्याची मी. बौद्ध आहोत आम्ही." मी स्वतःच सांगून टाकते. उगाच समोरच्याला कोडी सोडवत कशाला बसवायचं?

"हो का," त्या म्हणाल्या. "छान." अन् दिवाणावर बसल्या. पदर सारखा केला. मग देव्हाऱ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. "चारू, जरा इकडे ये."

दोघं स्वयंपाकघरात गेले. अशी कुजबुज मला लहानपणापासून पाठ आहे. शब्द ऐकू यायची गरज पडत नाही.

चारुदत्त एकटाच बाहेर आला, चेहरा पडलेला. "मृणालताई, ॲक्च्युअली... आई जुन्या वळणाची आहे. हा अग्नी तिच्यासाठी देवासारखा आहे, वास्तुशांतीपासून. तिचं सोवळं असतं. तर मागच्या वर्षी तुमच्याकडचा तो ब्रायन आला होता, त्याला पाठवता येईल का? नथिंग पर्सनल."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "ब्रायनला सोवळं लागत नाही?"

"नाही, म्हणजे ते फॉरेनर..."

"ब्रायन रोज सकाळी बेकन खाऊन कामाला येतो. त्याला विचारलं होतं का आडनाव? त्यानं तुमच्या देवासारख्या अग्नीत कोपरापर्यंत हात घातले होते, तेव्हा काहून नाही आठवलं सोवळं?"

"प्लीज, तुम्ही समजून घ्या."

"समजूनच घेत आले मी. आजोबांपासून समजून घेऊन राहिलो आम्ही. पुण्यापासून बारा हजार किलोमीटर उडून आलात, सामानात हे पण भरून आणलं का? वजन नाही झालं एअरपोर्टला?"

अरुणाताई दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही लोक लगेच मनाला लावून घेता. मी काही वाईट बोलले का?" अर्ध्या तासात मी "अगं ये"वरून "तुम्ही लोक" झाले होते.

मी पेला ठेवला अन् निघाले. मेली ती चूल, मेली ती वीट, भोगा आपल्या कर्माची फळं, असं मनात म्हणतच निघाले, ते लपवत नाही. बूट घातले, जॅकेट चढवलं, चेन ओढली, दार उघडलं, अन् लक्षात आलं की हत्यारांची पिशवी चुलीपाशी राहिली. ती दुकानाची, सोडून चालणार नव्हतं. तशीच बुटांनिशी परत आत गेले. म्हटलं, आता पुसत बसा फरशी.

दिवाणाशेजारी पिशवी उचलायला वाकले अन् जॅकेटवरचा मीटर किंचाळला.

हा मीटर कार्बन मोनॉक्साइड मोजतो. ह्या वायूला रंग नाही, वास नाही. कोंडलेल्या आगीतून निघतो अन् माणसाला झोपेतच नेतो. पस्तीसला मीटर वाजायला लागतो. मी पाहिलं तर त्रेसष्ट. भर दिवसा, अकरा वाजता, नुकतं दार उघडलेलं असताना. रात्री हवा कोंडल्यावर किती होत असेल?

"तुमच्या घरात ह्याचा अलार्म असतो ना?" मी ओरडले. "कुठं आहे तो?"

चारुदत्त चाचरला. "फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजायचा, म्हणून सगळेच काढून बेसमेंटमध्ये ठेवले."

अर्ध्या कॅनडातल्या देशी घरांत हेच असतं. मिरचीच्या धुराला अलार्म वाजतो म्हणून माणसं जीव वाचवणारं यंत्र ड्रॉवरमध्ये टाकून ठेवतात. मी अरुणाताईंकडे पाहिलं. त्या कपाळ दाबत होत्या.

"काकू, डोकं दुखतं का तुमचं?"

"ते रोजचंच. पित्त आहे मला. सकाळी उठले की डोकं ठणकतं, मळमळतं. मग आमसुलाचं सार घेते, जरा वेळ वरच्या खोलीत पडते, की उतरतं."

"वर गेल्यावर उतरतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

बाई तीन महिने रोज रात्री थोडी थोडी मरत होती अन् सकाळी आमसूल खाऊन उठत होती. अन् मी पाच मिनिटांपूर्वी दारातून बाहेर पडत होते, भोगा म्हणून.

"हे पित्त नाही काकू. हा गॅस आहे. ही चूल तुम्हाला मारून राहिली आहे. चला, बाहेर चला, दोघंही."

"काहीतरीच."

"काहीतरीच नाही. हा आकडा पाहा."

त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला राग आलाय, म्हणून तुम्ही हे करताय. अग्नी विझवायचा आहे ना तुम्हाला?"

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे. पण जीव वाचवायला उभं राहावं अन् समोरच्यानं सूड म्हणावं, हे नवीन होतं. अन् त्यांचा इंजिनिअर लेक काय म्हणतो? "मशीन कधी कधी फॉल्टी असतं ना?"

"अरे भैताडा!" मी ओरडले. गिऱ्हाईक आहे, वयानं मोठा आहे, सगळं विसरले. "आई मरून राहिली आहे तुझी! उचल तिला. आत्ता. नाहीतर मी उचलते."

मी उचलते म्हटल्याबरोबर अरुणाताई स्वतःच उठल्या. पटकन. गॅसला भ्यायल्या नाहीत, माझ्या हातांना भ्यायल्या. तेव्हा वेळ नव्हता, पण ते मी पाहिलं अन् पाहून ठेवलं.

त्यांना गरम गाडीत बसवलं, घराच्या खिडक्या उघडल्या, नाइन-वन-वनला फोन केला. बारा मिनिटांत अग्निशामक दलाची लाल गाडी आली, मागोमाग ॲम्ब्युलन्स. चार उंचेपुरे गोरे, बर्फानं लडबडलेले गुडघ्याएवढे बूट, तसेच आत घुसले. देव्हाऱ्यासमोरून गेले, एकाच्या पाठीवरच्या टाकीचा धक्का लागून समई पडली. फावड्यानं निखारे काढले, लोखंडी बादल्यांत भरले, अंगणात बर्फावर ओतले. फस्स झालं. चार महिने अखंड ठेवलेला अग्नी अर्ध्या मिनिटात विझला. अरुणाताई गाडीच्या काचेतून पाहत होत्या. मला वाटलं, आता आकांत करतील. बाईनं काच खाली केली, हात जोडले अन् त्या चौघांना म्हणाल्या, "थँक यू. थँक यू, बेटा."

ॲम्ब्युलन्समधली मुलगी ऑक्सिजनचा मास्क लावायला गेली तर त्या घाबरल्या, तोंड फिरवायला लागल्या. चारुदत्तला कॅप्टननं प्रश्न विचारायला धरून ठेवलं होतं. त्या मुलीला बिचारीला काही समजेना. शेवटी मीच गेले. ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर उभी राहिले, मास्क धरला, म्हटलं, "काकू, लांब श्वास घ्या. सोडा. परत घ्या."

त्यांनी माझा हात धरला. दोन्ही हातांनी, घट्ट. माझ्या बोटांवर चुलीची काजळी होती, ती त्यांच्या बांगड्यांना लागली, मनगटाला लागली. दहा मिनिटं सोडला नाही. त्या मुलीनं विचारलं, "फॅमिली?" अरुणाताईंनी मास्कमधूनच मान हलवली, हो हो. मी म्हटलं, "नो. स्टोव्ह."

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. डॉक्टर चारुदत्तला म्हणाले, अशा आणखी दोन-तीन रात्री गेल्या असत्या तर तुम्ही आईला उठवायला गेला असतात अन् ती उठली नसती. हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, रडत रडत. मी ऐकून घेतलं. रडणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही, एवढीच अडचण.

पाचव्या दिवशी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी अन् ब्रायन. चिमणी आतून डांबरासारखी माखली होती, ती छपरावर चढून ब्रायननं घासायची, कॉम्बस्टर मी बदलायचा. दुकानाचा मालक म्हणाला होता, "मृ, तुला नको असेल तर जाऊ नकोस." मी म्हटलं, काहून नको? चूल माझ्या कागदावर आहे, सही माझी लागणार आहे, मी जाणार. ह्या वेळी मी बुटांवर प्लॅस्टिक चढवलं अन् जॅकेट काढलं नाही.

भिंतीवर तीन नवे अलार्म होते. दिवाण वर गेला होता. अरुणाताई हॉस्पिटलमधून येऊन दोन दिवस झाले होते. चेहऱ्यावर रंग होता, डोळ्यांत तेज होतं. खुर्चीत बसून माझं काम पाहत राहिल्या. ह्या वेळी कोणी काही बोललं नाही. म्हणजे सोवळ्याचं नाही बोललं. बाकी अरुणाताई बोलत होत्या. "देव तारी त्याला कोण मारी, खरंच गं."

"देवानं नाही, मीटरनं तारलं," मी म्हटलं अन् मास्क लावला.

चुलीची वरची झाकणी उचलली, क्लिपा सोडवल्या अन् जुनी वीट हळूच बाहेर काढली. काढताना तिचा एक कोपरा हातातच निखळला. भोकं दिसतच नव्हती. करडी, पांढरी पुटं, मधे तडा, तड्यात वितळलेलं प्लॅस्टिक. अशी वीट मऊ ब्रशनं झटकतात, कधी व्हिनेगरच्या पाण्यात उकळून काढतात, पण ही मेलेली होती, मेल्याला आंघोळ घालून काय फायदा? मी ती अरुणाताईंसमोर कागदावर ठेवली. म्हटलं, "ही तुमची अखंड चूल."

खाच व्हॅक्यूमनं साफ केली, आरशानं कोपरे पाहिले, दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी पण बदलली. मग नवा कॉम्बस्टर. त्याच्याभोवती जाडसर गॅस्केट असते, तिच्यावर कागदी पट्टी. पट्टी काढायची नसते. पहिल्या आगीत ती जळते, गॅस्केट फुगते अन् विटेला चारी बाजूंनी धरून बसते. तो मी खाचेत सरकवला, अजिबात न ठोकता, दोन अंगठ्यांनी दाबत. बसला. सुखाचा क्षण असतो हा माझा, खोटं काहून बोलू? राग अन् सगळं विसरून मी दोन मिनिटं नुसती त्या विटेची असते.

मॅपलचं कोरडं लाकूड रचून आग पेटवली. दांडा आधी सरळ वर. काटा चढू दिला, तीनशे, चारशे, पाचशे. पाचशेनंतर दांडा विटेकडे वळवला. काटा सरसर हजारावर गेला, आत वीट लाल व्हायला लागली. खिडकीतून चिमणी दाखवली चारुदत्तला. धूर नाही. नुसती हवा थरथरून राहिली होती. मीटर शून्य.

"आता ऐका," मी म्हटलं. "ह्यात लाकडाशिवाय काही जाणार नाही. भात नाही, तूप नाही, हार नाही. दर आठवड्याला काटा पाहायचा. पाचशेच्या आत दांडा वळवायचा नाही. रात्री हवा कोंडायची नाही. विझली तर विझू द्यायची."

अरुणाताईंनी मान डोलावली. "तू म्हणशील तसं." मग उठल्या, आत गेल्या अन् स्टीलचा डबा घेऊन आल्या. बेसनाचे लाडू. वास सगळ्या खोलीत पसरला. "रिकाम्या हातानं नाही जाऊ द्यायची मी तुम्हाला. जीव वाचवलात."

ब्रायन छपरावरून उतरून आला होता, काजळीनं काळाठिक्कर, दाढीत बर्फ. आधी त्याच्याकडे गेल्या. त्याचा तो भलामोठा काळा पंजा आपल्या डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं लाडू तळहातावर ठेवला, वरून त्याची बोटं मिटवली. "टेक, टेक, बेटा. होममेड." ब्रायननं तिथंच अर्धा तोंडात घातला.

मग माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले. मनापासून भरलेले, त्याबद्दल मला शंका नाही. मी हातमोजे काढले होते, हात साबणानं धुऊन आले होते. डब्यातून लाडू उचलला, सगळ्यात मोठा शोधून उचलला. अन् माझ्या छातीपाशी आणून थांबल्या. हात वर, वीतभर वर, बोटं सोडायच्या तयारीत. खाली माझा तळहात येईल म्हणून थांबलेला तो हात.

पाच दिवसांपूर्वी ह्याच हातानं माझा हात धरला होता. मास्क तोंडावर होता, जीव जातो का राहतो कळत नव्हतं, तेव्हा धरला होता. आता रक्त साफ झालं होतं. सुंभ जळला, पीळ तसाच.

मी हात पुढे केला नाही. त्यांची बोटं उघडली. लाडू माझ्या बुटांपाशी फरशीवर पडला अन् फुटला.

"व्हूप्स," ब्रायन म्हणाला.

"अगं, हात पुढे करायचा ना," अरुणाताई म्हणाल्या.

"तुमचा खाली येईल म्हणून थांबले होते."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. कानापर्यंत लाल झाल्या. चारुदत्त खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"अगं, मनात काही नसतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "सवय असते गं. हाताची सवय."

"माहीत आहे काकू. माझ्या आजीला पण सवय होती हाताची. अशी खाली ओंजळ धरायची, वरून जे पडेल ते झेलायची. एक थेंब सांडू द्यायची नाही." आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तो चढलाच. "मला तिनं सगळं शिकवलं. ते तेवढं शिकवलं नाही."

त्यांचा हात अजून तसाच वर होता. ब्रायन गुडघ्यावर बसून लाडवाचे तुकडे गोळा करायला लागला होता. मी म्हटलं, "लीव्ह इट, ब्रायन." अन् कागदावर सही केली.